भरतीची वेळ चुकली

मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळच्या रेडिओ शोमध्ये मी भरतीची वेळ चुकीची सांगितली. हातात भरती-ओहोटीच्या वेळांचा कालचा कागद होता. भरती संध्याकाळी सहाची, मी सव्वापाच म्हणाले, तेही दोनदा, हसत हसत. दिवसभर तेच डोक्यात. माझं ऐकून कुणाची बोट खाडीच्या तोंडाशी रुतली तर?

शेवटी राहवेना, धाकटी डहाणूला कोळीवाड्यात गेले. गोदूमावशी बांबूवर वाळत घातलेले बोंबील उतरवत होती. रोज आमचा शो ऐकते, म्हणून तिच्याकडेच कबुली दिली.

"आज अष्टमी, भरती सहालाच असणार. रोज पाऊण तास पुढे जाते. आमची माणसं तिथी बघून बोट काढतात, तुझं ऐकून नाय."

"मग ऐकतेस कशाला, मावशी?"

"तू चुकतेस का बघायला. आज अख्खी आळी हसली."

माझ्या सव्वापाचला हसली! रेडिओच्या साहेबांना वाटतं, लोक गाण्यांसाठी ऐकतात. मला वाटायचं, माझ्या आवाजासाठी. थोडा राग आला, खोटं कशाला लिहू?

उद्या नवमी, म्हणजे पावणेसात. उद्याचा कागद अजून बॅगेतच आहे, उघडलाही नाही.