सतरावा फोटो

ता. ६ सप्टेंबर १९१४

मामलेदार कचेरीतून पुठ्ठ्यावर चिकटवलेले बत्तीस फोटो आले. पुरानंतर सोडून दिलेलं आमचं वारणाकाठचं गाव! माणसं वर माळावर छपरांत आहेत. फोटोत ज्याचं घर ओळखलं जाईल, त्याला नव्या गावठाणात जागा. गावालाच विचारलं तर जो तो मोठं घर आपलं म्हणेल — म्हणून घरं ओळखायला तिथं एकोणीस वर्षं राहून शाळा चालवलेला मी.

सोळाव्यात पिंपळाचा पार. इथंच पोरांकडून श्लोक घोकून घ्यायचो. डोळे भरले. एक आर्या सुचली, दुसरा चरण काही बसेना. तोच घोळवत सतराव्याखाली लिहून टाकलं — 'केरबाचा गोठा'. चिखलात उभे दोन खांब. दुसरं काय असणार?

ता. ९

यादी दिली. कारकून म्हणाले, मास्तर, तुमच्या डोळ्यांपुढं गाव अजून उभं आहे. ते वाक्य घरापर्यंत चघळत आलो.

ता. १४

केरबा इथल्या बाजाराला आला होता, कचेरीत यादी नि फोटो पाहून तसाच माझ्याकडं आला. शिव्या तेवढ्या द्यायच्या ठेवल्या. त्याचा गोठा नदीच्या अंगाला होता, तो कधीच वाहून गेला. ते दोन खांब खैरुनबीच्या घराचे. पिंजाऱ्याची विधवा ती. यादीत तिचं नावच नाही.

"मास्तर, त्या बोळात तुमी कंदी आलताच कुठं?"

नव्हतो आलो. एकोणीस वर्षांत एकदाही नाही.

ता. १५

कचेरीत जायचं ठरवलं होतं. ऊन फार. गेलो नाही.

ता. १७

आज ऊन नव्हतं. तरी गेलो नाही.

ता. १९

खैरुनबी स्वतः आली — कोडोलीच्या माळावरून चालत! घोळ कुणी घातला हे तिला ठाऊक नाही. पायरीवरच बसली, पाणी प्याली. म्हणाली, "अर्ज तुमीच लिवा की मास्तर. तुमचा सबूद कचेरीत चालतोय."

लिहिला. 'अनाथ अबला', 'मायबाप सरकार' — सगळं घातलं. चूक कुणाची, तेवढं गाळून. तिनं अंगठा उठवला आणि मला दुवा देऊन गेली.

ता. २१

कचेरीत जाऊन सांगितलं एकदाचं. छडी खायला हात पुढं करणाऱ्या पोरासारखा उभा होतो. कारकून चिडले. बाकीच्या एकतिसांचं काय मग? त्यांतली किती घरं आतून पाहिलीत? बोटं मोजली. एका हाताची पुरली.

म्हटलं, खैरुनबीला विचारा. गाद्या-उशांचा कापूस पिंजायला ती नवऱ्यासंगं घरोघर फिरली आहे.

"बोलवा तिला," ते म्हणाले. "ती सांगेल, तुम्ही लिहा."

ता. २४

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. माझ्या हातानं अकरा नावं खोडली. तिसाव्या फोटोवर ती अडली. पडकी भिंत, त्यात एक कोनाडा. कारकुनांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "मास्तर, ह्ये तुमचंच घर न्हवं का?"

माझंच. खाली माझंच वळणदार अक्षर — 'ओळख पटत नाही.'