बंद वाचनालयाचा पुरस्कार

माय, परवा दुपारी जेवण झाल्यावर डोळा लागला आणि मी पुन्हा आपल्या ओट्यावर होते. श्रावणातलं ऊन होतं, आलं की चटका देणारं आणि ढगाबरोबर लगेच विझणारं. तू मुगाच्या शेंगा सोलत बसलेली, टरफलं वाऱ्यानं सतरंजीवर सरकतायत, रस्त्यावरून एक बैलगाडी जाते आणि तिचा धुरळा किती तरी वेळ उन्हात तसाच लटकून राहतो. जाग आली तेव्हा मी कुठल्या घरात आहे हे क्षणभर कळेना. मग उठले, तोंड धुतलं आणि हा कागद घेऊन बसले.

आपल्या गावचं सार्वजनिक वाचनालय म्हणजे करोडगिरीची जुनी खोली. निजामाच्या काळात तिथं जकात घ्यायचे. पुढं तिथं पेपरचं टेबल आलं, दोन कपाटं आली आणि दारावर पाटी लागली. मंडळात गावातली जाणती माणसं होती, आणि एक बाई पाहिजे म्हणून तू होतीस. सातवी झालेली, ओळीखाली बोट धरून सावकाश वाचणारी. मंडळाची बैठक आपल्याच ओसरीत व्हायची. तू चहा द्यायचीस, सही करायचीस आणि आत जायचीस. तुझं मत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही, आणि तू ते दिल्याचंही नाही.

मग तो पावसाळा आला. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून सगळा मराठवाडा पेटला होता, दलित वस्त्या जाळल्याच्या बातम्या रोज येत होत्या. आपल्या गावात आग लागली नाही, पण माणसं रस्त्यानं जाताना एकमेकांकडं बघेनाशी झाली. वाचनालयात वस्तीतली पोरं यायची तशी आपल्या आळीतलीही यायची. दोन्हीकडची माणसं एकाच पानावर वाकलेली आणि पानावर तीच बातमी. एक दिवस बाचाबाची झाली, टेबल कलंडलं. संध्याकाळी मंडळ आपल्या ओसरीत जमलं. मंडळाचे अध्यक्ष होते वडिलांचे, आपल्या आबांचे, चुलतभाऊ, म्हणजे आमचे काका. ते म्हणाले, "वातावरण निवळंपर्यंत कुलूप लावू. पेपरामुळं डोकी फिरायलीत लोकांची."

तू कपबशांचा ट्रे घेऊन उभी होतीस. नेहमीसारखी आत वळली नाहीस.

"भावजी, वाचून डोकी फिरायलीत म्हणता," तू म्हणालीस, "मग न वाचता, नुसतं ऐकून काय व्हईल?"

काका हसले. "वहिनी, तुमाला न्हाई कळायचं ह्यातलं."

"नसंल कळत. पण मी मंडळात हाय, आन माझा कुलपाला नकार हाय. एवढं ध्यानात ठेवा."

ध्यानात कुणी ठेवलं असेल-नसेल ते असो, दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप लागलं.

त्याच दिवशी तू डोक्यावरचा पदर नीट करून एस.टी. स्टँडवर गेलीस. आपल्या घरातली बाई एकटी तिथं कधी गेलेली नव्हती. वाचनालयाचा पेपरांचा गठ्ठा तू कंडक्टरकडून उतरवून घेतलास, घरी आणलास, ओट्यावर सतरंजी अंथरलीस आणि वर पेपर मांडलेस. मग जणू रोजचंच असावं तसं मुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढं ओढून सोलत बसलीस. आपल्या आळीतली दोन म्हातारी माणसं आली, पेपर चाळून गेली. दुपार कलायला लागली तेव्हा वस्तीतली ती मुलगी रस्त्यात थांबली. परभणीला शिक्षिकेचं शिकत होती, कॉलेज बंद म्हणून गावी आली होती. आपल्या ओट्यावर वस्तीतलं कुणी कधी चढलं नव्हतं. चढायचं नसतं हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आपल्यालाही. ते बोलून दाखवायची गरज कधी पडलेली नव्हती. ती रस्त्यातूनच मान उंच करून मथळे वाचत होती.

"वर ये पोरी," तू म्हणालीस. "तिथून अक्षरं दिसायची न्हाईत."

"दिसायलीत मावशी."

"मला न्हाई दिसायलीत. मला वाचून दाखव."

ती कितीतरी वेळ उभी राहिली. समोरच्या घराच्या दारात माणसं आली होती. मग तिनं चपला काढल्या आणि ती वर आली. सतरंजीच्या कडेला बसली. तू सूप बाजूला सारून तिला जवळ जागा केलीस. ती वाचायला लागली, आधी घोगरी, मग मोकळी. मी खांबाला टेकून ऐकतेय, आणि मला असं वाटतंय की आपला ओटा जमिनीपासून जरासा सुटलाय, हलकेच तरंगायलाय, आणि आपण तिघी त्याच्यावर बसून गावाच्या वरून कुठंतरी चाललोय. बातम्या वाईट होत्या, माय. तरी मला तसं वाटलं.

तेवढ्यात आबा शेतातून आले. त्यांनी बघितलं. मुलगी उठायला लागली, तू तिच्या गुडघ्यावर हात ठेवलास. आबांनी रांजणातून पाणी घेऊन पाय धुतले, टॉवेलनं तोंड पुसलं आणि ओट्याच्या पायरीवर बसले. मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "मुगाचा भाव काय दिलाय बघ बरं त्यात." तिनं पान उलटलं आणि भाव सांगितला. एवढंच झालं. पण त्यानंतर ती रोज आली, आणि तिच्यामागं इतरही आले.

आपल्याकडं येणाऱ्या बायका मात्र कमी होत गेल्या. हळदीकुंकवाला तू बोलावलंस तर काकूसुद्धा आली नाही, कुणीच आलं नाही. तू ताटातली हळद पुन्हा डबीत भरलीस. माझं जिंतूरकडचं स्थळ जवळपास ठरलं होतं, त्यांचा माणूस येऊन सांगून गेला की पोराला इतक्यात करायचं नाही. त्या दिवशी तू भाकरी थापता थापता थांबलीस आणि विचारलंस, "तुला लय वाईट वाटायलंय का?" मी म्हणाले, कळत नाही. खरंच कळत नव्हतं. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "मग कळंपर्यंत शीक पुढं." आबांशी तू काय बोललीस ते मला माहीत नाही, पण मी परभणीला शिकायला गेले ती अशी.

कुलूप हिवाळ्यात निघालं, गाजावाजा न होता. तुझी सतरंजी आत गेली. काही वर्षांनी तू मंडळात हट्ट धरलास आणि ती मुलगी, आता आपल्याच शाळेत बाई झालेली, मंडळावर आली. नामांतराचा प्रश्न तसाच लोंबकळत होता, मोर्चे निघत होते, पण करोडगिरीच्या खोलीचं दार उघडं राहिलं. आणि मग एक दिवस कळलं की जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या मंडळांना समाजसेवेबद्दल पुरस्कार द्यायचे ठरलेत आणि त्यात आपलं मंडळ आहे.

समारंभ परभणीला होता. सगळं मंडळ एस.टी.नं आलं, मी तिथंच भेटले. पुरुषांचे कडक इस्त्रीचे शर्ट, तुझं जांभळं इरकल, बाईंची पांढरी साडी. सभागृहात पंखे संथ फिरत होते, हारांतल्या निशिगंधाचा वास सुटला होता. शाल आणि मानचिन्ह घेऊन काका माईकपाशी गेले. त्यांचा आवाज भरून आला होता. ते म्हणाले, "त्या वाईट दिवसांत गावोगावची मनं बंद झाली, पण आमच्या मंडळानं वाचनालयाचं दार एक दिवससुद्धा बंद होऊ दिलं नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तुझ्याकडं बघितलं. तूही टाळ्या वाजवत होतीस. बाईंचे हात मांडीवर होते.

मी तुमच्याबरोबर गावी निघाले. बसमध्ये बाई तुझ्या शेजारी बसल्या होत्या. परभणी मागं पडली तसं त्या म्हणाल्या, "मावशी, टाळ्या कशाला वाजवल्या तुमी? कुलूप मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"मी बी बघितलंय," तू म्हणालीस. "पण आज त्यांनी एवढ्या लोकांत सांगितलं की दार उघडं होतं. आता त्यांना ते उघडंच ठेवावं लागंल. माघारी फिरायची सोय न्हाई राहिली त्यांना."

"खोटं ते खोटंच, मावशी."

"व्हय," तू म्हणालीस. "ते बी खरंच हाय."

मग तुम्ही दोघी खिडकीबाहेर बघत राहिलात. ज्वारीच्या रानावर धुकं उतरत होतं, शेतं संथ मागं सरकत होती, आणि तुमच्यातलं कोण बरोबर ते मला ठरवता येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात काका आपल्या ओसरीत आले. बाईही आल्या होत्या. काका जरा अवघडून म्हणाले, "वहिनी, मी म्हणतो, वस्तीत बी एक टेबल टाकू. दोन पेपर तिकडं लावू."

तू काही बोलायच्या आत बाई बोलल्या. "काका, आमाला तिकडं दुसरं नको. हाय तेच बरं हाय. टेबल टाकण्यापरीस काकूला पाठवा वाचनालयात. आमच्या शेजारी बसू द्या."

काकांनी तुझ्याकडं बघितलं. तू त्यांना अजिबात मदत केली नाहीस. पुरुषमाणूस एवढा वेळ नुसत्या कपाकडं बघत बसलेला मी कधी पाहिला नव्हता. शेवटी ते उठले, म्हणाले, "विचारतो तिला."

आणि काकू आली, माय. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, हळदीकुंकवाला न आलेली तीच काकू. तिला वाचता येत नव्हतं. बाईंनी बाक पुसला, सरकून जागा दिली आणि तिच्यापुढं चित्रांचं मासिक उघडलं. काकू अंग चोरून बसली. थोड्या वेळानं तिनं एका चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय लिवलंय खाली?" बाईंनी वाचून सांगितलं. नंतर ती येतच राहिली, तू गेल्यावरसुद्धा. तुझ्या दहाव्याला ती आणि बाई एकाच सतरंजीवर बसल्या होत्या, आणि काकू रडत होती तेव्हा बाईंचा हात तिच्या पाठीवर होता.

यातलं बरंचसं तुला ठाऊकच आहे. कागद दोन्ही बाजूंनी भरला, आता तो घडी करून पुस्तकात ठेवीन, दुसरं काय करणार. फक्त एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. तुझं बोलणं मी इथं शब्दाला शब्द लिहिलंय, पण तुझा आवाज मला आता आठवत नाही. मघाशी स्वयंपाकघरात उभं राहून तुझं एक वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं. ते माझ्याच आवाजात आलं, आणि त्यातलं 'हाय' मला नीट म्हणताही आलं नाही.