बर्फातल्या पेशी

१२ जाने. ९७, रोहा
सकाळी हमरापूरला. दादाचा गणपतींचा कारखाना प्लास्टरच्या धुळीने पांढरा, दादाच्या भुवयासुद्धा. मूर्ती घासतो, खोकतो, पुन्हा घासतो. एम.फिल.साठी त्याचं रक्त हवं होतं. शेजारच्या नर्सबाईंनी काढून दिलं. थर्मासमध्ये बर्फ घालून नळी ठेवली. मासळी टिकते तसं रक्तही टिकेल, एवढाच विचार. दुपारच्या गाडीने कॉलेजात.

तुलनेला घेतलेल्या माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी प्लास्टरचे कण गिळले. दादाच्या नुसत्या कणांना चिकटून बसल्या. बटव्याची नाडी ओढावी तसं मायोसिन हे प्रथिन पेशीच्या कडा ओढून तोंड मिटतं. ते काही होईना.

१९ जाने.
पुन्हा दादाचं रक्त, तसंच नेलं. तोच निकाल. मायोसिन कामच करत नाही त्याचं?

२६ जाने., पेण, दादाच्या घरी
दादाला सांगून टाकलं. म्हटलं, तुझ्या पेशींना धूळ गिळता येत नाही, हे काम सोड. काळजी होती, पण थोडी ऐटही होती, खोटं कशाला लिहू. वहिनी म्हणाली, डॉक्टरांना दाखवू. मी म्हटलं, त्यांना इतक्या खोलातलं कळत नाही. असं म्हणाले मी.

२ फेब्रु.
दादाने मूर्तींचे साचे त्याच्या कारागिराच्या, जित्याच्या, चुलतभावाला देऊन टाकले. बाबांच्या वेळचे. रिकाम्या फळ्यांसमोर बसला होता, हातांचं काय करायचं ते कळत नसल्यासारखा.

१५ फेब्रु., रोहा
निकाल कळवले होते, त्यावर मुंबईहून एम.फिल.च्या सरांचं पत्र. निकालाबद्दल काही नाही, एकच प्रश्न: नमुना तपासण्याआधी अंगाइतका कोमट केला होता ना?

माझं रक्त बर्फात ठेवून पाहिलं. माझ्याही पेशी तोंड उघडं ठेवून बसल्या. गारठ्यात मायोसिन चालत नाही. पुस्तकात आहे, वर्गात शिकवलंय मी. माझं रक्त लॅबमध्येच काढलेलं, दादाचं बर्फातलं. बस.

१६ फेब्रु.
दादाचं रक्त पुन्हा घेतलं. कारण सांगितलं नाही, धीर झाला नाही. या वेळी कोमट करून पाहिलं. पटापट गिळले कण. आनंदाने टाळी वाजवली, मग शरमेने खुर्चीत बसून राहिले.

२३ फेब्रु., पेण
दादाला सगळं सांगितलं. वहिनी उठून आत गेली, ती बाहेर आलीच नाही.
दादा म्हणाला, "म्हंजे मी बरा हाय?"
पेशी बऱ्या आहेत, म्हटलं. खोकल्याचं माहीत नाही. धूळ गिळल्यावर पेशींचं पुढे काय होतं, ते मी पाहिलेलंच नाही. उद्या डॉक्टरांकडे जाऊ.
"डॉक्टरांचं ऱ्हाऊ दे. साचे परत आणू का नको, तू सांग गो. तू शिकलेली हायस."
रागावला असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता. माझं उत्तर ऐकायला त्याने खोकला दाबून धरला होता.