मेहनाजचं जॅकेट

४ मार्च, मस्कत
विमानतळावरून बंदराकडे येताना ड्रायव्हरने वाटेत अझैब्यात थांबून करक चहा पाजला. मग आमचं हॉस्पिटल-जहाज दिसलं. पांढरंशुभ्र, बाजूला मोठी तांबडी खूण, यावर हल्ला करू नका असं सांगणारी. युद्धातले जखमी समुद्रातून उचलायचे, बरे करून किनाऱ्यावर सोडायचे. त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा जहाजावर नर्सची नोकरी! शिवांगीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, की बारावीच्या रिझल्टला आई घरी हवी. मी शब्द दिला. तो देण्याचा मला अधिकार होता का, असं नंतर वाटलं.

६ मार्च
मेट्रन नूरबानू दाभोळच्या. त्यांनी लाइफ-जॅकेट दिलं. छातीवरचं आधीचं नाव मार्करने खोडलंय, तरी वाचता येतं: मेहनाज. फेब्रुवारीत मागचं जहाज ड्रोनने फोडलं, तेव्हा तिथल्या या सिस्टरने हे एका पाय तुटलेल्या पेशंटला बांधलं. तो वाचला, जॅकेट परत आलं, ती नाही. चांगलं जॅकेट टाकायचं कशाला, मापही तुझंच आहे गो, असं नूरबानू म्हणाल्या.
ड्रिलचा नियम: आधी स्वतःचं जॅकेट, मग पेशंटचं. ऐकून हायसं वाटलं. त्याची लाज वाटली, म्हणून लिहून ठेवते.

९ मार्च
तीन नवे पेशंट आले. सात नंबरच्या खाटेवर मुनीर, मुरूडचा खलाशी, दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये. म्हणतो, मला जॅकेट कशाला, बुडालो तर सिस्टरच्या बोटीला नांगर तरी होईन. सगळा वॉर्ड हसला.
रुवीच्या गोदामातून त्यांच्यासाठी तीन जॅकेटं यायची होती, दोनच आली. स्टोअरवाला म्हणाला, सही कर सिस्टर, तिसरं उद्या, इन्शाल्ला. जहाज सुटायची घाई होती. मी रजिस्टरात 'पूर्ण' लिहून सही केली. वीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

११ मार्च
समुद्रावर. तिसरं जॅकेट आलंच नाही. मुनीर जॅकेटविनाच.
सकाळी माझं जॅकेट खुंटीवर ओलं निथळत होतं. केबिनमध्ये पाणी कुठेच नाही. बोट लावून चाखलं. खारट.

१२ मार्च
आज खुंटीवर नव्हतं. मुनीरच्या अंगात होतं, कुशीला पक्की दुहेरी गाठ. तो म्हणतो तूच तर बांधलंस, हात किती गार तुझे. मी तेव्हा खाली नूरबानूंसमोर जेवत होते. आणि मला तशी गाठ येत नाही.

१३ मार्च
खोट्या सहीचं सांगायला नूरबानूंच्या दारापर्यंत गेले. परतले. नोकरी जाईल म्हणून नव्हे. माझंच जॅकेट त्याला देतील म्हणून.
ते कपाटात ठेवलंय. किल्ली गळ्यात.

१४ मार्च
कुलूप जसंच्या तसं. जॅकेट मुनीरच्या अंगात—
मी गाठ सोडून काढून घेतलं. तो आज विनोद करत नव्हता.

१५ मार्च, दुपार
लख्ख ऊन. तांबडी खूण मैलभरावरून दिसत असेल. तरी मारलं—
जहाज कलतंय. बाकीचे बोटींकडे गेले. स्ट्रेचर न्यायला माणसं येतायत म्हणे. वॉर्डात मुनीर आणि मी. जॅकेट माझ्या अंगात. नियमाप्रमाणे.
ही वही प्लॅस्टिकमध्ये घालून त्याच्या सदऱ्यात ठेवणार. खोटी सही माझी होती, दुसऱ्या कुणाची नाही. शिवांगी, तुला दिलेला शब्द—
कुशीला गार बोटं. गाठ सुटतेय. वळून पाहिलं— कुणी नाही. खाली पाहिलं—
डावा हात माझाच आहे. निथळतोय. मी त्याला थांबवत ना