जर्मन अस्वल, मुक्काम लोधीपुरा

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधनाची नोंद असलेली बरी. आमची तृप्ती जे तपकिरी अस्वल काखोटीला मारून घरभर फिरते, ते अँटिक जर्मन असल्याची मला दाट शंका आहे. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. पाठीला कुबड, लांब हात, लांब नाक. सगळं जुळतं. दीपाली म्हणाली, पोरगी त्यावर बसते म्हणून कुबड आलंय. बायकोला अँटिकमधलं काय कळतं!

३ नोव्हेंबर
जर्मनीत गिएंगेन नावाच्या गावात मार्गारेट श्टाइफबाईंनी व्हीलचेअरवर बसून खेळण्यांचा कारखाना उभा केला. अस्वल काढलं त्यांच्या भाच्याने, रिचर्डने. वा रे भाचा! अस्सल मालाच्या कानात बटन असतं. आपल्याच्या कानात बटन नाही, पण भोक आहे. म्हणजे बटन होतं.
अस्वल आणलं होतं मेहुण्याने, दापोऱ्याच्या ललितने. त्याला फोन केला. म्हणे, जीजाजी, मेले में रिंग फेकके जीता था. केळीवाला माणूस. रिंगवाल्याकडे ते कुठून आलं, हे विचारलंच नाही त्याने!

५ नोव्हेंबर
अस्वल पॉलिथीनमध्ये गुंडाळून शोकेसमध्ये. कुलूप. तृप्ती रडली. समजावलं, बेटा, हे खेळणं नाही, ठेवा आहे. तिने विचारलं, त्याला श्वास कसा येईल? दीपालीने जेवताना माझं ताट आदळलं. मोठ्या कामाला घरातूनच विरोध होतो. किंमत इथे लिहीत नाही, नजर लागते.

८ नोव्हेंबर
पोरगी शोकेसपुढे चटई टाकून झोपली. उचलून आत नेली. मनाला कसंतरीच झालं. उद्या पक्का पुरावा काढतो, मग सगळे गप्प.

९ नोव्हेंबर, दुपार
जुन्या जर्मन अस्वलात लाकडाचा बारीक कीस भरलेला असतो. तृप्ती शेजारी गेली होती. पोट उसवलं. आधी थोडंसंच. मग आणखी थोडं. मग ब्लेड सटकलं.
आत पिवळा फोम. मागाहून कुणी रिपेअर केलं असणार. शिवणीत दिल्लीचं लेबल. कारखान्याचं दिल्लीत ऑफिस असणार.

संध्याकाळ
तृप्तीने पाहिलं. भोकाड पसरलं असतं तर परवडलं असतं. फोमचे तुकडे गोळा करत तिने विचारलं, पप्पा, तुम्हाला यात काय पाहिजे होतं? मी झाडू आणायला आत गेलो.

१० नोव्हेंबर
पुण्याच्या एका संग्राहकाला फोटो पाठवले होते. उत्तर आलं. नायलॉन आहे, जत्रेतला माल, लेकराला खेळू द्या. पोट उसवल्याचा फोटो मी पाठवलाच नव्हता.
पोट स्वतः शिवलं. दीपालीला सांगायची लाज वाटली. टाके वाकडे आलेत. तृप्तीला दिलं. थँक्यू पप्पा म्हणाली आणि पलंगावर ठेवून निघून गेली. होईल ठीक. लहान मुलं लगेच विसरतात.

१६ नोव्हेंबर, रविवार
ललित आला. भाचीसाठी लाकडी बैलगाडी आणली. मी खोलीत शिरलो तर तृप्तीने गाडी पटकन फ्रॉकखाली लपवली. ललितने विचारलं, का गं? ती त्याच्या कानाशी लागली. पण मला ऐकू आलं. पप्पांना दाखवू नको मामा, आवडली तर कापून बघतील.
ललित खो खो हसला. मीही हसलो. दीपाली हसली नाही.
मी चपला घातल्या. दूध आणतो म्हणालो. दूध घरात होतं. पण मी बाहेर पडल्याशिवाय ती गाडी काढणार नव्हती.