घेतलं म्हण

४ नोव्हेंबर
आलो एकदाचा जालन्याला. किनवटहून पहाटं निघाल्तो, उतरलो तर दुपार. ही वही आकांक्षानं दिली. म्हणली, दादा, सातवीत शाळा सोडलीस, निदान रोज चार ओळी लिही, मी आले की चुका काढीन. बहीण का मास्तरीण! आई म्हणली, सुरत सोडलंस, हैदराबाद सोडलंस, आता हेही सोडून आलास तर दारात उभा राहू नको. न्हाई सोडणार. काम झकास आहे. विम्याचा क्लेम आला की सर्वेअर साहेब जाऊन बघतात, माणूस कसा मेला, पैसे द्यायचे का न्हाई. मी त्यांचा ड्रायव्हर. गाडी नवीकोरी. कोणत्याबी सीटवर बसून बेल्ट न्हाई लावला की कोंबडीवानी ओरडती. मालक नवलकिशोर सेठ लई गोड माणूस. घरची कचोरी खाऊ घातली. परीक्षा एकच घेतली, समोरचा बोलत असल तर मधी तोंड घालतोस का? न्हाई म्हणलो. बिलकुल पास, म्हणला.

७ नोव्हेंबर
सर्वेअर कल्याण साहेबासंग टेंभुर्णीला गेल्तो. ट्रॅक्टरखाली एक गडी मेल्ता.  परतताना साहेबानं गाडी लिंबाखाली घ्यायला लावली. म्हणला, हे काम डोक्याला खातं, म्हणून सेठनं पद्धत पाडली. बघितलेलं सगळं ड्रायव्हरला सांगायचं, ड्रायव्हरनं फक्त ‘घेतलं’ म्हणायचं. मला हसूच आलं. त्यानं सांगितलं, चाक कुठून गेलं, बायको कशी किंचाळली. मी म्हणलो, घेतलं. झालं! साहेबाचा चेहराच बदलला. जाफराबादला उतरून दोन प्लेट भजे हाणले, गाणं गुणगुणायला लागला. मी विचारलं, साहेब, त्या गड्याच्या बायकोला पैसे भेटतील का? तर म्हणला, कोणता गडी?
माझ्या हातातलं भजं तसंच राह्यलं. भूकच न्हाई लागली.

१५ नोव्हेंबर
धावड्याला गोठा जळाला, आत म्हातारी होती. तेही घेतलं. आज गाडी धुवायला एकटाच घेऊन चाल्लो तर बाजूच्या सीटचा बेल्ट ओरडायला लागला. सीटवर कायबी न्हाई. रिकाम्या सीटला बेल्ट लावला तवा गप झाली. मेकॅनिक म्हणला, सेन्सर बराबर आहे, वजन पडलं तरच ओरडती. सीटवर बोट फिरवलं तर राख निघाली.
सेठला विचारलं, माझ्या आधीचा ड्रायव्हर बबलू कुठं गेला? सेठ म्हणला, भरला तो. भरला म्हणजे? तर म्हणला, कचोरी गार होऊन राह्यली, खा.

२४ नोव्हेंबर
पुण्याहून विमा कंपनीच्या साधना मॅडम आल्या. क्लेम बघणाऱ्यांना ताण आहे का, ते तपासायचं त्यांचं काम. एकेका सर्वेअरला विचारलं, झोप लागती का, वाईट सपनं पडतात का. सगळे ठणठणीत! सेठला शाबासकी. मी पुढं होऊन म्हणलो, मॅडम, मला न्हाई लागत झोप. म्हणल्या, ड्रायव्हर स्टाफात येत न्हाईत.
मंग स्टेशनला सोडायला निघालो, तर रस्त्यातच रडायला लागल्या. सगळ्या जिल्ह्यांतलं ऐकून ऐकून साठलंय, म्हणल्या. सांगत गेल्या. स्टेअरिंग सोडून कानावर हात कसे ठेवणार?  त्यांनी हात जोडले, सेठनं सांगितलंय मला, म्हण ना रे भाऊ, घेतलं म्हण. बाईमाणूस रडती म्हणून म्हणलो.
उतरल्या, पर्स सावरली, गेल्या. वळून पाह्यलं न्हाई.

२ डिसेंबर
आता मागचे बेल्टबी ओरडतात. लावले की आपोआप निघतात. आरशात बघत न्हाई. सेठला म्हणलो, काम सोडतो. खुशाल जा, म्हणला, पण ते तुझ्यासंगच येतील. मंग गोदामामागची खोली उघडून दाखवली. आत बबलू. तोंड सारखं हलतंय, आवाज न्हाई. अंगावर राख. डोळे कुणाकुणाकडं फिरून राह्यले, खोलीत तर कुणीच न्हाई.
सेठ म्हणला, ह्यानं कुणालाच सांगितलं न्हाई, म्हणून असा झाला. तू शहाणा हो. सांगून टाक कुणाला तरी. तुला बहीण आहे ना, रोज फोन करती?
कचोरी पुढं केली.

५ डिसेंबर
आकांक्षाचा फोन उचलत न्हाई. काय झालं दादा म्हणली की सगळं बाहेर पडल. तोंडाला फडकं बांधलंय. म्हातारी बाजूला बसून लुगड्याची राख झाडती. गड्याला पाय न्हाईत, तरी पायाचा आवाज —
इथं लिहितो तेवढंच बरं. कागदाला काय होतंय.

८ डिसेंबर
आकांक्षा आली. एकटी. फोन का उचलत न्हाईस म्हणून. बसस्टँडवर मला पाहून म्हणली, दादा, केवढा वाळलास! मुका झालास का? मान हलवली फक्त. गाडीत बसवलं. परतीच्या बसला अवकाश आहे. पाण्याची बाटली आणायला उतरलो —

आलो तर वही तिच्या हातात. शेवटचं पान. चुका काढत होते, म्हणती. रडून राह्यली.

वही ओढून घेतली. तोंड उघडता येत न्हाई म्हणून इथं लिहून दाखवून राह्यलो. आकांक्षा उतर. जल्दी उतर. वाचलंस ते इसर. तो शब्द म्हणू नको —

हात धरला माझा. म्हणती, एकट्यानं कशाला दादा —

न्हाई आकांक्षा न्हाई तुझी बारावी आईला काय सांगू न्हा —

म्हणली ती, घेतलं. मागचे बेल्ट गप झाले. सगळे.

तिच्या सीटचा ओरडून राह्यला. बेल्ट तर तिनं लावलाय, तरी —
ती माझ्या मागं बघून राह्यली. ओठ हलून राह्यले, आवाज —

मागच्या पानावर म्हातारी लिहिलंय. कोणती म्हातारी —

मला भूक लाग