जागेचे दोन तुकडे

प्रिय धाकटे,

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कुरकुरतो म्हणाली होतीस. लेकीचा खोकला थांबला का? जावईबापू अजून पाठीला पट्टा बांधूनच कामावर जातात का? नातीला पुढचे दात आले असतील, आता तिच्या तोंडात बोट घालू नकोस. इकडे तुझी वहिनी ठणठणीत आहे. मी मात्र डोकं धरून बसलोय. दुखत नाही, फिरलंय.

जागेचं काम अडलं. बाबांनी जाताना अर्धी माझी, अर्धी तुझी असं तोंडी सांगितलं, पण कागद दोघांच्या नावावर एकच राहिला. तू निवृत्त होऊन क्वार्टर सोडलंस की तुझ्या अर्ध्यात दोन खोल्या बांधायच्या, हे आपलं ठरलेलं. त्यासाठी तुकडा वेगळा करून घ्यावा लागतो. आणि नेमका यंदाच नगरपालिकेनं नियम बदलला. म्हणे एवढ्या लहान जागेचे यापुढे दोन तुकडे होणार नाहीत. सवलत फक्त त्यांना, ज्यांची वाटणी आधीपासून झालेली दिसते. मला वाटलं, आपली तर बाबांच्या वेळची, आपल्याला कोण अडवतंय. अर्ज केला. सायकलच्या दुकानाला कुलूप लावून किती चकरा मारल्या ते विचारू नकोस. एका टेबलावर सांगतात साहेब जेवायला गेलेत, दुसऱ्यावर सांगतात साहेब बदलून गेलेत.

शेवटी एक साहेब पाहणीला आले. मधलं कुंपण कुठंय, म्हणाले. कुंपण आपण घातलंय कधी? नळ एक, कपड्यांची दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तुझ्या अर्ध्यात वहिनीच्या मिरच्या. तरी मी पेरूच्या झाडाकडे बोट दाखवून, याच्या पलीकडचं बहिणीचं, असं कसंबसं निभावून नेत होतो. तेवढ्यात तुझी वहिनी चहा घेऊन बाहेर आली आणि मोठ्या अभिमानानं म्हणाली, 'आमच्यात वाटणी-बिटणी काही नाही हो साहेब. नणंदेचं आणि आमचं एकच.' साहेबांनी चहा घेतला, छान झालाय म्हणाले, आणि लिहून टाकलं, वाटणी आढळली नाही. अर्ज नामंजूर.

मी म्हटलं, अगं, एक दिवस तरी नणंदेबद्दल वाकडं बोलायचं होतंस. तर उलट माझ्यावरच डाफरली, खोटं कशाला बोलू म्हणून. आता या बाईला काय सांगावं?

शेजारचे दोघे भाऊ आठवतात ना? एकमेकांचं तोंड बघत नाहीत, मध्ये काचा लावलेली भिंत. त्यांना पहिल्याच सुनावणीत सवलत. थोरला मिशीत हसून मला म्हणतो कसा, 'तुम्ही वेळेवर भांडायला हवं होतंत.' एकोप्यानं राहिलो हा आमचा गुन्हा. असला नियम ज्यानं काढला, त्याला बहीण नसावी.

मग वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, कोर्टानं वाटणी करून दिली तर हा नियम आड येत नाही. फक्त दोघांपैकी एकानं दुसऱ्यावर दावा लावायला हवा. मी लावतो म्हटलं. घरी येऊन सांगितलं, तर तुझी वहिनी जेवता जेवता उठली. बहिणीला कोर्टात खेचणाऱ्या माणसाच्या घरात मी राहणार नाही, म्हणाली. त्या दिवसापासून भाजीत मीठ आहे की नाही एवढंच बोलणं चाललंय.

म्हणून हे पत्र. धाकटे, तूच माझ्यावर दावा लाव. माझा हिस्सा वेगळा करून द्या, एवढंच मागायचं, त्यात खोटं काही नाही. मला कबूल आहे म्हणून सांगेन. नोटीस जरा कडक भाषेत असते म्हणे; तू संकोच करू नकोस, मी मनावर घेणार नाही. तारखेला आलीस की उतरायचं आपल्याच घरी, वकील काहीही सांगोत. सकाळी एकाच रिक्षानं कोर्टात जाऊ. फक्त आत गेल्यावर माझ्या शेजारी बसू नकोस, नाहीतर तिथंही कुणीतरी काहीतरी लिहून घेईल. नोटिशीच्या आधी दोन ओळींचं साधं पत्र मात्र लवकर टाक, म्हणजे ते कोर्टाचं पाकीट हातात पडल्यावर तुझी वहिनी रडत बसणार नाही.

तुझाच,
दादा